घरातल्या सामानाचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहकर्ज घेताना बँक विम्याचा कागद पुढे सरकवते, त्यामुळे इमारतीचा विमा निदान ऐकून तरी माहीत असतो. घरातला फ्रिज, कपाटं, गाद्या, भांडीकुंडी, कपडे यांचाही विमा निघतो, हे पुष्कळांना पाणी घरात शिरल्यावर कळतं. आणि ज्यांनी तो काढलेला असतो, त्यांचाही घोटाळा बहुधा रकमेत होत नाही. आपलं सामान *कशापासून* सुरक्षित आहे, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून खालच्या उत्तरांत रकमेपेक्षा त्यावरच जास्त भर आहे.

सामान म्हणजे नेमकं काय धरतात?

घर बदलताना टेम्पोत जे चढतं, ते सामान. फर्निचर, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, स्वयंपाकघरातली भांडी, कपडे, पडदे, अंथरूण-पांघरूण, मुलांची सायकल, पुस्तकं. भिंतीत पक्क्या बसवलेल्या वस्तू, म्हणजे मॉड्युलर किचनचे ओटे, खिडक्या, फरश्या, नळजोडण्या या साधारणपणे इमारतीच्या बाजूला धरल्या जातात. सोनं-चांदी, चित्रं, पुरातन वस्तू यांचा वेगळा कप्पा असतो. रोख रक्कम, शेअर सर्टिफिकेटं, कागदपत्रं आणि गाडी घराच्या नेहमीच्या विम्यात येत नाहीत. गाडीला तिचा स्वतःचा विमा असतोच.

आमच्या सोसायटीचा विमा आहे. मग वेगळा कशाला?

सोसायटी विमा काढते तो इमारतीचा आणि सामाईक मालमत्तेचा: जिने, लिफ्ट, पंप, कंपाउंड. उपविधींप्रमाणे आग आणि भूकंपापासून इमारतीचा विमा काढणं सोसायटीला बंधनकारक आहे. (पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नूतनीकरणाची तारीख सेक्रेटरींना जरूर विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.) तुमच्या दाराच्या आतल्या सोफ्याशी त्या पॉलिसीचा काही संबंध नाही.

बँकेनं कर्जासोबत विमा काढलाय. तो पुरतो ना?

तो बहुधा दोनपैकी एक असतो. एकतर कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फेडणारा विमा, नाहीतर इमारतीचा विमा. बँकेला काळजी तारण ठेवलेल्या वास्तूची, तुमच्या गाद्यांची नाही. पॉलिसीची प्रत काढून ‘सामान’ या रकान्यापुढे काय आकडा आहे तो बघा. पुष्कळदा तिथं शून्य असतं, किंवा आपोआप मिळालेली छोटी रक्कम असते. ती कशी ठरते ते पुढच्याच उत्तरात.

‘भारत गृह रक्षा’ हे नाव सगळीकडे दिसतं. ती सरकारी योजना आहे का?

नाही. विमा नियामक आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरांसाठी एकसारखी पॉलिसी विकायला सांगितली, तिचं हे नाव. सरकारी कंपनीकडून घ्या नाहीतर खासगीकडून, मूळ मजकूर तोच. हप्ता, जोडसंरक्षणं (जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडता येणारी संरक्षणं) आणि सेवा मात्र प्रत्येकीची वेगळी.

या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के इतकं संरक्षण घरातल्या साध्या सामानाला आपोआप मिळतं, कमाल १० लाख रुपयांपर्यंत. जास्त हवं असेल तर सामानाचा तपशील देऊन रक्कम वाढवता येते. नुसत्या सामानाचाही विमा निघतो. मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते.

२० टक्के ऐकायला बरे वाटतात, पण ते कशाचे हे बघा. इमारतीची विमा रक्कम ठरते बांधकामाच्या खर्चावर, बाजारभावावर नाही. ठाण्यातला फ्लॅट सव्वा कोटीला विकला जात असेल, पण चटई क्षेत्र ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये धरला तर विमा रक्कम होते साडेसतरा लाख. त्याचे २० टक्के साडेतीन लाख. दोन बेडरूमच्या भरल्या घराला एवढ्यानं भागत नाही. हिशेब खाली मांडला आहे.

कशाकशापासून संरक्षण मिळतं?

आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, वणवा, दंगल, संप, हेतुपुरस्सर केलेलं नुकसान, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, ओसंडणं. शिवाय बाहेरून काही येऊन आदळणं. कोकणात ही शेवटची बाब महत्त्वाची: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर माड-पोफळी उन्मळून घरांवर पडल्या, तसल्या नुकसानीला वादळ आणि आदळणं अशी दोन्ही कलमं लागू पडतात.

महाराष्ट्रात ही यादी पुस्तकी राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पुण्यातला आंबिल ओढा, २०२१ च्या जुलैत चिपळूण, २५ जुलै २०२४ ला पुण्याच्या सिंहगड रोडवरची एकतानगरी. यांत बहुतेक इमारती उभ्याच राहिल्या. गेलं ते तळमजल्यांवरचं सामान.

म्हणजे चोरीही यात आलीच?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे, म्हणून हे उत्तर लांब.

भारत गृह रक्षाच्या मूळ मजकुरात चोरीचा उल्लेख आहे, पण तो असा: वर दिलेल्यांपैकी एखादी घटना घडली, त्या घटनेमुळेच चोरी झाली, आणि ती सात दिवसांच्या आत झाली, तर. पूर आला, तुम्ही नातेवाइकांकडे गेलात, उघड्या पडलेल्या घरातून तिसऱ्या दिवशी कुणी गॅस शेगडी नेली, तर भरपाई आहे. दिवाळीत गावी गेलात आणि कुणी कडी-कोयंडा उचकटून घर साफ केलं, तर नाही.

नेहमीच्या घरफोडीसाठी वेगळं जोडसंरक्षण, स्वतंत्र घरफोडी पॉलिसी, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळणारी जुन्या धाटणीची ‘हाउसहोल्डर्स पॉलिसी’ घ्यावी लागते. या शेवटच्या प्रकारात आग, घरफोडी, दागिने, उपकरणांचा बिघाड, सायकल, प्रवासातलं सामान असे विभाग असतात आणि हवे तेवढे निवडता येतात.

घरफोडीचं कलम वाचताना एक शब्द शोधायचा: जबरदस्तीनं प्रवेश. कुलूप तोडलं, गज कापला, दार उचकटलं, तर घरफोडी. दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं आणि कुणी आत येऊन मोबाइल उचलला, तर ती पोलिसांच्या दृष्टीनं चोरी आहे, पण घरफोडीच्या पॉलिसीत ती बसेलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या एका निकालात हेच सांगितलं: पॉलिसीत बळाच्या वापराची अट असेल, तर नुसती चोरी पुरेशी नाही. साध्या चोरीचं संरक्षण हवं असेल तर ते शब्द पॉलिसीत छापलेले असले पाहिजेत. एजंट तोंडी ‘हो, येतं ना’ म्हणाला, याला दाव्याच्या दिवशी किंमत नसते.

आणखी एक सोय विचारून ठेवा. चोर कपाट-पलंग उचलून नेत नाही, म्हणून काही कंपन्या एकूण सामानाच्या ठरावीक टक्क्यांपुरतंच घरफोडीचं संरक्षण देतात आणि हप्ताही त्या मानानं कमी घेतात. याला ‘फर्स्ट लॉस’ म्हणतात. घरात सोनं फारसं नसेल तर हा पर्याय चांगला.

घरात कामाला येणाऱ्या व्यक्तीनं काही नेलं तर?

घरातली माणसं आणि नोकर यांनी केलेली चोरी बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, काहींत जादा हप्ता भरून जोडता येते. ‘वगळलेल्या बाबी’ या शीर्षकाखाली बघा.

दागिन्यांचं काय? लॉकरमध्ये ठेवले की प्रश्न मिटला ना?

अर्धाच. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यामुळे लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आजच्या सोन्याच्या भावात एका मंगळसूत्रात आणि चार बांगड्यांत ही मर्यादा ओलांडली जाते. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेवर तीही जबाबदारी नाही, तिचा हलगर्जीपणा नसेल तर.

घरातल्या विम्यात दागिने ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळे जाहीर करावे लागतात आणि त्यांची किंमत आधीच दोघांच्या संमतीनं ठरते. भारत गृह रक्षात या कप्प्याची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. त्यापुढे सराफाकडून किंवा सरकारमान्य मूल्यांककाकडून दाखला घ्यावा लागतो.

पण लक्षात घ्या, हे संरक्षण आग-पुरासारख्या त्याच घटनांपासून. लग्नाला जाताना एसटीत पर्समधून हार गेला, तर हा विमा कामाचा नाही. त्यासाठी दागिन्यांचा ‘ऑल रिस्क’ विभाग लागतो, त्याचा हप्ता बराच चढा असतो. माझं मत विचाराल तर रोज अंगावर असणाऱ्या चार चिजांसाठी तो घ्यावा, बाकीचं लॉकरमध्ये ठेवावं.

विमा किती रकमेचा काढावा?

खोलीखोलीनं हिशेब करा. आज ती वस्तू नवी घ्यायची तर काय पडेल, तो भाव धरा. दहा वर्षांपूर्वी काय दिले ते विसरा.

चौघांच्या, दोन बेडरूमच्या साध्या घराचा नमुना घेऊ. फ्रिज ३५ हजार, वॉशिंग मशीन २५, टीव्ही ४०, एक एसी ४०, इन्व्हर्टर-बॅटरी २५, आणि शेगडी-मिक्सर-प्युरिफायर-मायक्रोवेव्ह मिळून ४५: ही झाली दोन लाख दहा हजारांची उपकरणं. दोन पलंग गाद्यांसह ७०, कपाटं ६०, सोफा ४५, जेवणाचं टेबल २५, म्हणजे दोन लाखांचं फर्निचर. एक लॅपटॉप आणि मोबाइल मिळून १ लाख २० हजार. स्टील-पितळेची भांडी आणि कुकर-तवे ६० हजार, चादरी-पडदे ३०.

राहिले कपडे. इथं सगळे फसतात, कारण कपडे कुणी मोजतच नाही. चार माणसांचे रोजचे, सणाचे, थंडीचे, शाळेचे गणवेश, आणि कपाटात वरच्या खणात मलमलीत गुंडाळलेल्या दोन पैठण्या. दीड लाख सहज होतात.

बेरीज ७ लाख ७० हजार. वर आपोआप मिळालेले साडेतीन लाख याच्या निम्मेही नाहीत.

यादी करायला वेगळा दिवस काढायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सगळं खाली उतरतंच, तेव्हाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. कपाटं उघडून दाखवा, उपकरणांमागचं मॉडेल आणि अनुक्रमांकाचं स्टिकर जवळून घ्या. आणि तो व्हिडिओ फक्त त्याच मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइलही पाण्यात जाऊ शकतो. ई-मेल करा किंवा बाहेरगावच्या बहिणीला पाठवून ठेवा.

मुद्दाम कमी रकमेचा काढला तर काय बिघडतं?

पॉलिसीवर अवलंबून. भारत गृह रक्षात ‘अपुऱ्या विम्याची’ कात्री माफ आहे. म्हणजे ७ लाख ७० हजारांच्या सामानाला साडेतीन लाखांचा विमा असेल आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर रक्कम कमी होती म्हणून त्या १ लाखाला कात्री लागत नाही. अर्थात सगळंच गेलं तर साडेतीन लाखांपलीकडे काही नाही.

ही माफी नसलेल्या इतर पॉलिसींत, विशेषतः घरफोडीच्या, गणित निराळं. सामान ७ लाख ७० हजारांचं, विमा त्याच्या निम्म्याचा, चोरी १ लाखाची, तर हातात येणार ५० हजार. उरलेल्या निम्म्या जोखमीची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असा तो युक्तिवाद असतो.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. आम्हाला मिळेल का?

हो, नुसत्या सामानाचा. घरमालकाच्या विम्यात तुमचं काही येत नाही, आणि लिव्ह अँड लायसन्स करारात बहुधा तसं लिहिलेलंही असतं. प्रस्तावात पत्ता आणि ‘भाडेकरू’ हे खरं लिहा. घर बदललंत तर कंपनीला लगेच कळवून पत्ता बदलून घ्या: विमा त्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो, तुमच्या मागोमाग आपोआप येत नाही. अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्यांनी १० वर्षांच्या पॉलिसीच्या सवलतीला भुलू नये.

घरमालकानं दिलेला पलंग-एसी तुमच्या यादीत घालू नका. ते त्यांचं सामान. ऑफिसचा लॅपटॉपही कंपनीचा.

विजेचा दाब वाढून टीव्ही आणि फ्रिज जळाले. भरपाई मिळते?

मूळ पॉलिसीत नाही. शॉर्टसर्किट, जादा दाब, आपसूक तापणं यामुळे *त्याच* उपकरणाचं जे बिघडतं ते वगळलेलं आहे. टीव्हीच्या शॉर्टसर्किटमधून आग लागून पडदे-सोफा जळाला, तर पडदे-सोफ्याचं मिळतं, टीव्हीचं नाही. न्यूट्रल तुटून चाळीतल्या पंधरा घरांचे मिक्सर-पंखे एकाच वेळी जातात तो प्रकारही यातलाच. यासाठी विद्युत बिघाडाचं जोडसंरक्षण असतं, पण उपकरणाच्या वयाची अट आणि घसाऱ्याचा (जुनेपणामुळे किंमत किती कमी धरतात त्याचा) तक्ता बघून घ्या. जुन्या फ्रिजसाठी हे घेण्यापेक्षा चांगला स्टॅबिलायझर परवडतो.

वरच्या फ्लॅटमधून गळतंय. वाळवी लागलीय. उंदरांनी वायर कुरतडली.

पाइप फुटून किंवा टाकी ओसंडून अचानक आलेलं पाणी चालतं. महिनोन्‌महिने पाझरणारी ओल, पावसाळ्यात गळणारी गच्ची, वाळवी, बुरशी, झीज चालत नाही. ती देखभालीची बाब. वरच्यांशी भांडण सोसायटीतच मिटवावं लागतं.

सिलिंडरचा स्फोट झाला तर?

आग आणि स्फोट दोन्ही पॉलिसीत आहेत. शिवाय पुष्कळांना माहीत नसतं, की सरकारी तेल कंपन्यांनी आपल्या घरगुती गॅस ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. त्यात नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला प्रत्येक घटनेमागे कमाल २ लाख रुपये आहेत, आणि मृत्यू झाल्यास दर व्यक्ती ६ लाख. अपघातानंतर वितरकाला ताबडतोब लेखी कळवा आणि पोच घ्या. कनेक्शन आजोबांच्या नावावर आणि जुन्या पत्त्यावर असेल, तर ते आधी बदलून घ्या.

घरातूनच साड्या विकतो / क्लास घेतो / मसाले करतो. तो माल येतो का?

घरगुती पॉलिसीत विक्रीचा माल येत नाही. ओटीवर ठेवलेल्या पन्नास साड्या या कंपनीच्या दृष्टीनं दुकान. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी त्याच १ एप्रिल २०२१ पासून आहे. घरातून चालणारा धंदा प्रस्तावात लपवू नका, नाहीतर घरातल्या सामानाचा दावाही अडचणीत येतो.

मुलं परदेशात, आम्ही सहा महिने तिकडे. पुण्यातला फ्लॅट बंद असतो.

विमा निघतो, अनिवासी भारतीयाच्या नावावरच्या घराचाही. पण घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर बऱ्याच पॉलिसींत, विशेषतः घरफोडीच्या कलमात, संरक्षण थांबतं किंवा आधी कळवण्याची अट असते. निघण्यापूर्वी ई-मेल करा आणि कंपनीचं उत्तर जपून ठेवा. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून जा, हे विमा असला तरी करायचंच.

पूर आला तर सरकार मदत करतंच की. मग हप्ता कशाला भरायचा?

मदत येते, ती किती ते पाहा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ साठीच्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये आहेत, तेही घर वाहून गेलं, फार मोठं नुकसान झालं किंवा ते दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं तर. राज्य सरकार प्रसंगी त्यात आपली भर घालतं. तेवढ्यात एक गादी येते. ही मदत म्हणजे सानुग्रह अनुदान, भरपाई नव्हे, असं शासन निर्णयातही म्हटलेलं असतं.

हप्ता साधारण किती?

पाच लाखांच्या साध्या सामानाला आग-पूर-भूकंपाचं संरक्षण वर्षाला सहसा काही शेकड्यांत बसतं. घरफोडी, दागिने, उपकरणांचा बिघाड जोडत गेलं की आकडा हजारांत जातो. वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, घराच्या विम्यावरचा मात्र तसाच आहे.

पाऊस सुरू झाल्यावर काढला तर चालेल?

काढता येतो. पण हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी मध्येच आहे. आणि पाणी धोक्याच्या पातळीवर असताना धावतपळत काढलेल्या पॉलिसीवर त्याच पुराचा दावा टाकलात, तर आधी तारीख-वेळ तपासली जाणार. मे महिन्यात काढून मोकळे व्हा.

पॉलिसी निवडताना कंपनीला काय विचारू?

तळमजल्यावर, नदी-ओढ्याजवळ राहत असाल तर पूर आणि तुंबलेलं पाणी दोन्ही शब्द मजकुरात आहेत का, एवढंच आधी पाहा. बाकीचं दुय्यम. सातव्या मजल्यावर राहत असाल तर पुराची धास्ती नाही, पण आग आणि घरफोडी आहे, तिकडे पैसा घाला. घर दिवसभर बंद असतं की आजी-आजोबा घरी असतात, यावरही घरफोडीचं संरक्षण किती घ्यायचं ते ठरतं.

मग हे तीन मुद्दे लेखी विचारा. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीवर की घसारा वजा करून? प्रत्येक दाव्यात आपल्या खिशातून किती रक्कम जाते? अपुऱ्या विम्याची माफी सगळ्या विभागांना आहे की फक्त आगीच्या? दोन कंपन्यांच्या हप्त्यांत फार फरक दिसला, तर त्याचं कारण बहुधा यांपैकी एखाद्या उत्तरात सापडतं.

झावळ्यांचं छप्पर, कुडाच्या भिंती किंवा पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम असेल तर तसं स्पष्ट सांगा, कच्च्या बांधकामाचे नियम आणि दर वेगळे असतात.

नुकसान झालं. पहिल्या दिवशी काय करायचं?

पाणी ओसरल्यावर घरात घोटाभर चिखल असतो, वास असतो, आणि पहिली ऊर्मी होते सगळं अंगणात काढून पाइपनं धुवून टाकायची. थांबा. आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री, मग फोटो. दारातून पूर्ण खोली, मग एकेक वस्तू जागेवरच. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या: पाणी किती फूट होतं याचा त्याहून सरळ पुरावा नाही. फ्रिज-मशीनचं स्टिकर पुसून त्याचाही फोटो.

भिजलेलं उपकरण ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय ते तेव्हा जळालं तर नुकसान पुरानं की शॉर्टसर्किटनं, हा वाद तुम्हीच ओढवून घेता.

त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ई-मेल, दावा क्रमांक घ्या. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर एफआयआर, पूर असेल तर तलाठ्याचा किंवा महापालिकेचा पंचनामा. सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनी नेमते ती व्यक्ती) येईपर्यंत खराब सामान टाकून देऊ नका. कुजणारं धान्य, गाद्या ठेवणं अशक्यच असेल तर फोटो काढून कंपनीला कळवा आणि मग टाका. पुरात शेकडो दावे एकदम येतात, सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. नियमाप्रमाणे त्यानं नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय.

वाचवता येईल ते वाचवणं हीदेखील पॉलिसीतली अट आहे. ओले कपडे वाळत घालणं, कोरडं राहिलेलं माळ्यावर चढवणं याला कुणाची परवानगी लागत नाही.

बिलंच नाहीत. बिलंही पुरात गेली.

ऑनलाइन खरेदीची बिलं ई-मेलमध्ये असतात, कार्डाची नोंद बँकेच्या उताऱ्यात, वॉरंटीची नोंद कंपनीच्या सेवा केंद्रात. दिवाळीतला तो व्हिडिओ इथं कामाला येतो. वाढदिवसाच्या फोटोंत मागं दिसणारा सोफा-टीव्हीसुद्धा द्या. आईच्या काळातल्या पितळी भांड्यांचं बिल कुणाकडेच नसतं, सर्व्हेअरलाही ते ठाऊक असतं. फक्त यादीत नसलेली वस्तू आणि फुगवलेला भाव घालू नका. एका खोट्या ओळीवरून पूर्ण दावा फेटाळता येतो.

दावा नाकारला किंवा फार कमी दिला. आता?

कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या वादाची दखल घेतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालांचा निवाडा कंपनीनं ३० दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो, पण ग्राहक आयोगात आधीच प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपालांकडे जा.